सोलापुरात राहून अँकर आणि शोधपत्रकार, दोन्ही होता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, घरात तेलुगू बोलतात, बी.ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे. स्थानिक केबल वाहिनीवर अँकर व्हायचंय आणि शोधपत्रकारिताही करायचीय. दोन्ही एकाच माणसाला जमतं का, त्यासाठी पुणे-मुंबई गाठावीच लागते का, कोणता कोर्स करावा, आणि घरच्या तेलुगूमुळे मराठी अडखळेल का?

जमतं. खरं तर जिल्ह्याच्या वाहिनीवर दोन्ही एकालाच करावं लागतं, कारण दुसरं माणूस नसतं. सकाळी महापालिकेच्या इंद्रभुवनात आयुक्तांच्या दालनाबाहेर, दुपारी एडिटिंगच्या मशीनवर आणि संध्याकाळी चेहऱ्यावर पावडर फिरवून क्रोमाच्या हिरव्या पडद्यासमोर. मुंबईच्या वाहिनीत इनपुट, आउटपुट, असाइनमेंट, रिसर्च अशी वेगवेगळी माणसं असतात. इथे रनडाउन, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रमही तुम्हीच लावता आणि कॉलरला लावायच्या लेपल माइकचा सेलही तुम्हीच बदलता.

पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी निदान दोन पावसाळे फक्त बातमीदारी करा, अँकरिंग नंतर. उलट्या क्रमाने आलेले बरेच जण मी पाहिलेत. एकदा चेहरा घराघरांत पोचला की सरकारी कार्यालयात तुम्हाला खुर्ची मिळते, चहा मिळतो, साहेब स्वतः बाहेर येतात, आणि फाइल मात्र कुणी पुढे करत नाही. रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी पोरीसमोर कारकून जे बोलून जातात, ते टीव्हीवरच्या मॅडमसमोर बोलत नाहीत. सोलापूर हे काही मुंबई नाही, नवी पेठेत साडी घ्यायला गेलात तरी दुकानदार विचारतो, "मॅडम, पाण्याचं काय झालं?" अनोळखी असणं हे बातमीदाराचं भांडवल आहे आणि अँकर झालात की ते संपतं. म्हणून ते आधी वापरून घ्या.

आता शोधपत्रकारितेबद्दल. हा शब्द ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शर्टाच्या बटणातला कॅमेरा येतो. तो नाद सोडा, निदान सुरुवातीला तरी. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला, तेव्हापासून लाच देणाराही सरळ गुन्हेगार ठरतो. "आम्ही फक्त पैसे देण्याचं नाटक केलं" हे सांगून सुटका होईलच असं नाही. कुणी लाच मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. आधी त्यांना कळवून त्यांच्या सापळ्याचं चित्रण करणं वेगळं आणि स्वतःच सापळा लावणं वेगळं. उघड्या कॅमेऱ्याला मात्र उगाच घाबरू नका. पोलिस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्याखालचं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. तरीही एखादा हवालदार कॅमेरा खाली करायला लावेलच. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा निकालाची प्रत पर्समध्ये ठेवा आणि वरिष्ठांकडे जा.

जिल्ह्यातला शोध बहुतेक वेळा कागदातच असतो. फेब्रुवारी २०२३ मधली कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, आठवत असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला, भाव पडला किलोला १ रुपया. त्या ५१२ रुपयांतून मोटारभाडं, हमाली, तोलाई वगैरे जाऊन हातात आले २ रुपये ४९ पैसे. चेक मिळाला २ रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. देशभर गाजलेली बातमी. पण टीव्हीवर काय दिसलं? चेकचा क्लोजअप, शेतकऱ्याचा बाईट (कॅमेऱ्यासमोरचं बोलणं), पुढाऱ्यांच्या प्रतिक्रिया आणि दुसऱ्या दिवशी नवा विषय.

तुम्ही ती पट्टी हातात घ्या आणि एकेक ओळ वाचा. हमाली लावलीय ती कोणत्या दराने? तो दर कागदावर ठरलेला असतो, बाजार समितीकडे मागता येतो. मोटारभाडं अडत्याने, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाने, परस्पर दिलं असेल तर त्याची पावती कुठे आहे? आडत, म्हणजे त्याची दलाली, कुणाच्या माथी पडली? कांदा-बटाटा, फळं, भाजीपाला यांची आडत २०१६ पासून शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. मग ती दुसऱ्या नावाने पट्टीत शिरली आहे का? शेतमालाचे पैसे त्याच दिवशी चुकते व्हायला हवेत, तर चेकवर पुढची तारीख कशी? आणि शेवटचा प्रश्न, जो शेतकऱ्याच्या बाजूने जीव तुटणाऱ्या बातमीदाराला विचारावासा वाटत नाही: त्या दिवशी त्याच आवारात चांगल्या कांद्याला काय भाव निघाला आणि या मालाची प्रत काय होती? तो विचारलाच पाहिजे, कारण अडत्याची बाजू नेमकी तिथूनच सुरू होते. तुम्ही नाही विचारलं तर तो लाइव्हमध्ये तुम्हालाच ऐकवेल. नंतर त्या अडत्याचा परवाना १५ दिवसांसाठी निलंबित झाला. तिथे बहुतेकांनी विषय मिटवला. माझ्या मते खरी बातमी तिथून पुढे होती: त्याच आठवड्यात त्या आवारात अशा आणखी किती पट्ट्या फाटल्या?

रस्त्याच्या कामाचंही असंच. प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयक, अशी कागदांची माळ असते. यातली मोजमाप पुस्तिका, जिला कार्यालयात सगळे 'एमबी' म्हणतात, ती बातमीदाराची मैत्रीण. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी मोजून त्यात नोंदवायची आणि त्या नोंदीवर ठेकेदाराचं बिल निघतं. एका गल्लीच्या काँक्रीटीकरणाची एमबी मी चाळत होते. लांबी-रुंदी चोख. जाडीच्या रकान्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ०.१५, म्हणजे १५ सेंटीमीटर. इतकी एकसारखी जाडी? त्या गल्लीत गेलो तर एका घरासमोर नळजोडणीसाठी रस्ता नुकताच फोडलेला. खड्ड्याच्या कडेला शाळेच्या कंपासमधली स्टीलची पट्टी उभी धरली, कॅमेरामनने लेन्स अगदी जवळ नेली. काँक्रीट संपून खालचा मुरूम सुरू होतो ती रेघ स्वच्छ दिसत होती. पट्टीवर नऊच्या थोडं पुढे.

ती बातमी आम्ही त्या दिवशी लावली नाही. एका खड्ड्यावर अभियंता सहज म्हणाला असता, "तेवढ्याच जागी कमी भरलंय." त्याच गल्लीत आणखी दोन ठिकाणी खोदकाम होईपर्यंत थांबलो. सोलापुरात रस्ता फुटायची वाट फार पाहावी लागत नाही. तिन्ही ठिकाणची पट्टी, प्रत्येक शॉटमध्ये मागे ओळखू येणारं घर किंवा विजेचा खांब, एमबीचं ते पान आणि मग अधिकाऱ्याचा बाईट. बाईट घ्यायला गेलात की आधी प्रश्न विचारा, उत्तर पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतरच कागद दाखवा. कागद आधी दाखवला तर "तपासून सांगतो" एवढंच पदरात पडतं.

आणखी एक कलम निविदेत शोधायची सवय लावा: दोषदायित्व कालावधी. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. तरीही त्याच रस्त्यावर खड्डे बुजवण्याचं वेगळं बिल निघालं असेल, तर तुमच्या हातात बातमी आहे आणि ती दोन कागद शेजारी-शेजारी ठेवून सिद्ध होते. सोलापूर महापालिकेत २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर बराच काळ प्रशासकाचा कारभार होता. सभागृहात प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं, त्यामुळे त्या काळातल्या मंजुऱ्या बातमीदारांनी आजही पुन्हा वाचाव्यात अशा आहेत.

हे कागद मिळतात कसे? माहिती अधिकाराचा अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. ही अट २०१२ पासून आहे आणि नवखे लोक हमखास तिथेच अडकतात. अर्जात "रस्ता का खराब झाला?" असं विचारू नका, 'का'चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. "अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेच्या साक्षांकित प्रती" मागा. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, मग माहिती आयोगाकडे दुसरं अपील, आणि तिथे चपला झिजतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम ८(१)(जे) बदललं आहे, त्यामुळे एखाद्या कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती मागण्यात वेळ घालवू नका, कामाचा कागद मागा.

यापेक्षा सोपी वाट फार कमी पत्रकार वापरतात. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिकांसारख्या स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. अर्ज करून महिनाभर बसण्यापेक्षा सोमवारी जाऊन फाइल उघडा, कोणती पानं हवीत ते टिपून घ्या आणि मग तेवढ्याच पानांसाठी अर्ज टाका. पहिल्या दोन सोमवारी "साहेब मीटिंगला आहेत" असं ऐकाल. तिसऱ्या सोमवारी शासन निर्णयाची प्रत घेऊन जा.

आता अँकरिंग. टेलिप्रॉम्प्टर वाचता येणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम, महिनाभरात येतं. अवघड असतं ते वाचताय ते स्वतःला कळणं. उन्हाळ्यात आपल्याकडे रोज एक ओळ वाचावी लागते: "उजनी वजा २० टक्के." ऐकणाऱ्याला वाटतं धरण कोरडं पडलं. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि सुमारे ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची. म्हणजे 'वजा २०'ला धरणात अजून जवळपास ५३ टीएमसी पाणी असतं. ते कालव्यातून आपोआप निघत नाही, इतकंच. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेली, तेव्हा महापालिकेला दुबार, तिबार पंपिंग करावं लागलं. हे ज्या अँकरला माहीत असतं ती पाणीपुरवठा अधिकाऱ्याला फोनोवर, म्हणजे बुलेटिनमध्ये थेट फोनवर, पुढचा प्रश्न विचारते: धरण भरलेलं असतानाही शहराला तीन-चार दिवसांआड पाणी येतं, मग अडतं कुठे? जलवाहिनीत, पंपात, टाक्यांत की वाटपात? जिला माहीत नसतं ती म्हणते, "धन्यवाद साहेब, परिस्थिती गंभीर आहे," आणि ब्रेक घेते.

स्क्रिप्ट कानासाठी लिहा. एका वाक्यात एक गोष्ट. "१७ लाख ५४ हजार ३२० रुपये" ग्राफिक प्लेटवर दाखवा, तोंडाने "साडेसतरा लाख" म्हणा. आणि "सदर इसमाने" हे पोलिसांच्या प्रेसनोटमध्येच राहू द्या.

लाइव्हमध्ये माणसाची खरी परीक्षा होते. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली, ८ जणांचा जीव गेला. अशा वेळी स्टुडिओत बसलेल्या अँकरच्या कानात एकाच वेळी तिघं बोलत असतात आणि समोर व्हॉट्सअॅपवर पाच वेगवेगळे आकडे येत असतात. मृतांचा आकडा एकाच जागेवरून घ्यायचा, अग्निशमन दल किंवा शासकीय रुग्णालय, आणि वेळेसकट सांगायचा: "सकाळी नऊपर्यंत रुग्णालयाने दिलेली माहिती." नावं घरच्यांना कळल्याची खात्री होईपर्यंत घ्यायची नाहीत, तुमचं बुलेटिन आतल्या माणसाची आईही पाहत असते. 'शॉर्टसर्किट' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आपल्याकडे आग विझायच्या आत शॉर्टसर्किट जाहीर होतं आणि तेच पुढे फाइलीत कायम राहतं. कुणी म्हणालं असेल तर कोण म्हणालं ते सांगा.

आग विझल्यावर बातमीदाराचं काम सुरू होतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. एमआयडीसीतल्या किती कारखान्यांनी या जानेवारीत तो दिला? जे कामगार कारखान्यातच राहतात त्यांची नोंद कुठे आहे? बाहेर पडायला दुसरा दरवाजा होता का? या प्रश्नांना ब्रेकिंगची पट्टी लागत नाही, पण पुढच्या आगीआधी ते विचारणारं सोलापुरातलंच कुणीतरी लागतं. मुंबईची ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी) दोन दिवसांत परत जाते.

अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ आहे. हे सगळ्यांना पाठ असतं. पण चेहरा धूसर केला की काम झालं, असं स्थानिक वाहिनीवर समजू नका. मुंबईच्या प्रेक्षकाला काही कळणार नाही, पण नीलम नगरच्या प्रेक्षकाला दाराचा निळा रंग, तुळशीकट्टा किंवा बापाचा आवाज पुरेसा असतो. गल्लीच दाखवू नका.

पैशाबद्दल कुणी स्पष्ट सांगत नाही म्हणून सांगते. स्थानिक वाहिनीवर पगार तुटपुंजा असतो. मोठ्या वाहिन्यांचे जिल्ह्यातले बरेचसे लोक स्ट्रिंगर असतात. बातमी लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोल तुमचं. वाहिनी चालते ती ज्वेलर्स, दवाखाने, क्लासेस, बिल्डर आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांवर. साहजिकच बातमीदारालाच जाहिरात आणायला सांगतात. मुलाखतीतच विचारून घ्या. टळत नसेल तर निदान ज्या खात्याच्या किंवा धंद्याच्या बातम्या तुम्ही करता तिथून जाहिरात आणणार नाही, एवढं बोलून घ्या. एका खासगी रुग्णालयाच्या बिलांवरची माझी बातमी संध्याकाळच्या रनडाउनमधून गायब झाली होती, कारण त्यांची वर्षभराची जाहिरात होती. मालकाशी भांडून काही हाती लागलं नाही. कागद माझ्याकडे होते. रुग्णाच्या नातेवाइकांना तक्रार कुठे करायची ते सांगितलं, त्यांनी ती केली आणि चौकशी सुरू झाल्याची बातमी झाली तेव्हा ती वाहिनीला दाखवावीच लागली. वळसा पडला, पण असे वळसे शिकून घ्यावे लागतात.

रुजू होण्याआधी वाहिनी कागदावर कशी आहे हेही पाहा. केबलवरच्या स्थानिक वाहिन्यांना सरकारी भाषेत 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्यांची नोंदणी करावी लागते, स्थानिक बातम्या दाखवायच्या तर चालवणारी संस्था कंपनी असावी लागते आणि दाखवलेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपावं लागतं. हे विचारलं म्हणून जो मालक रागावतो, त्याच्याकडे तुमच्यावर नोटीस आली तेव्हा वकील असण्याची शक्यता कमी. निवडणुकीच्या काळात केबलवरची राजकीय जाहिरात जिल्ह्याच्या एमसीएमसी, म्हणजे माध्यम प्रमाणन समितीकडून आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. उमेदवाराची 'विशेष मुलाखत' तुमच्या तोंडून जात असेल तर ती बातमी आहे की जाहिरात, हे लेखी मागा.

नोटिसा येतील. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. कच्चं फुटेज पुसू नका, समोरच्याला बाजू मांडायला कधी आणि कसं सांगितलं त्याचा मेसेज जपून ठेवा. नोटिशीला फोनवर उत्तर देऊ नका. हल्ला झाला तर २०१७ चा महाराष्ट्राचा पत्रकार संरक्षण कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. ठाण्यात गुन्हा नोंदवताना हा कायदा लावायची आठवण आपणच करून द्यावी लागते. कायदा आहे म्हणून बिनधास्त मात्र राहू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडण्यात आलं, तेव्हाही हा कायदा होताच. वाळूच्या, गुटख्याच्या ठिकाणी एकटीने जायचं नाही, कुठे आहात ते घरी आणि ऑफिसात दोघांना माहीत हवं. यात बाईमाणूस म्हणून काही वेगळं नाही. पुरुषांनाही मी हेच सांगते, ते ऐकत नाहीत.

कोर्सचं लवकर आटपते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात जनसंज्ञापनाचा विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. घरची सोय असेल तर कुठलाही करा, सोय नसेल तर कर्ज काढून खासगी 'अँकरिंग अकॅडमी'त जाऊ नका. आवाजासाठी आकाशवाणी सोलापूरच्या नैमित्तिक उद्घोषकांच्या ऑडिशनवर लक्ष ठेवा. तिथे 'श्वास कुठे घ्यायचा' हे शिकाल, ते कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. पुणे-मुंबईला जायला हरकत नाही, पण चार-पाच वर्षं इथे काम करून जा. मोठ्या वाहिनीला सोलापूरकडून आषाढी वारी, उजनी, कांदा आणि पुढारी एवढंच हवं असतं. प्रभागातल्या पाण्याच्या टाकीची भानगड त्यांना नको असते, आणि बातमी खणायला शिकायचं ते तिथेच. शिवाय या गावाला पत्रकारितेची चांगली जुनी ओळख आहे. ज्या चार पुतळ्यांसमोर उभं राहून आपण सगळे पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे पाहून निवेदन, करतो, त्यातले कुर्बान हुसेन स्वतः वृत्तपत्र चालवत होते. १२ जानेवारी १९३१ रोजी त्यांना मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासह फाशी दिली गेली. पीटीसी करताना मागे ते दिसत असतात, पण नवीन पोरांना त्यांची नावं विचारली की दोनच सांगता येतात. तेवढं तरी पाठ करा.

राहिली तेलुगू. ळ आणि ण तुम्हाला घरूनच स्वच्छ मिळालेत, ही अर्धी लढाई. तेलुगू घरातल्या मुलींचे ख, घ, भ, ध हलके पडतात आणि 'ते पुस्तक, ती वही' यात थोडी गडबड होते. रोज एखाद्या दैनिकाचा अग्रलेख मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, सहा महिन्यांत बसतं. पण खरं सांगू का, तुमच्या तेलुगूचा उपयोग स्टुडिओबाहेर आहे. विडी कामगारांच्या वसाहतीतली, म्हणजे विडी घरकुलमधली बाई मराठी बातमीदाराला "सगळं बरं आहे" म्हणते. तेलुगूत विचारलं तर सांगते की विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये आज किती विड्या छाट, म्हणजे नापास, म्हणून काढल्या, त्या छाट विड्यांचं पुढे काय होतं आणि हजार विड्यांच्या मजुरीतून काय-काय कापलं गेलं. हे कापणं-छाटणं कुणी तारीखवार लिहून ठेवलंय? यंत्रमागावरच्या पाळीचं, खात्यावर भरल्या-न-भरल्या पीएफचंही तेच. बाईट तेलुगूत घ्या, खाली मराठी अक्षरं द्या. आवाज डब करू नका. तिच्या शेजारणीला तिचाच आवाज ऐकू आला पाहिजे. अर्थात चेहरा दाखवायला तिची मनापासून परवानगी असेल तरच, कारण उद्या ब्रँचमध्ये पानं घ्यायला तिलाच जायचंय.

वाहिनीकडे अर्ज करताना बायोडेटा एक पान आणि सोबत दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठवा. त्यात स्टुडिओत बसल्याचं नाटक नको, ग्राफिक नको, मागे संगीत नको. तुमच्या गल्लीतला एखादा विषय घ्या, त्याचा एक कागद कॅमेऱ्याला दाखवा, एका माणसाला दोन प्रश्न विचारा आणि वीस सेकंदांची पीटीसी करा. फोन आडवा धरा, वारा असेल तर इअरफोनचा माइक पदरात घ्या. कागदासाठी येत्या सोमवारी दुपारी तीनला महापालिकेत जा. ओळखपत्र विसरू नका, आणि पाण्याची बाटली घरूनच न्या.